दुसऱ्याचं युद्ध, आपली सीमा: देश भूमिका ठरवतात तरी कशी?

काठावरचा (धागालेखक)

परक्या युद्धाबद्दल कोणता देश काय बोलला यावर चर्चा सुरू झाली की ती पाच मिनिटांत चारित्र्याच्या दाखल्यावर येते. हा देश कणाहीन, तो स्वार्थी, तिसरा तेवढा न्यायाचा. मीही बरीच वर्षं असंच बोलत आलो. मग एकदा २ मार्च २०२२ चं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतलं मतदान शेजारी नकाशा उघडून बघितलं आणि माझं मत हळूहळू बदलत गेलं. ते इथे मांडतो. चुकत असेन तर सांगा.

सभागृहात समोर मोठा फलक असतो. त्यावर सगळ्या देशांची नावं आणि नावापुढे रंग: बाजूने असेल तर हिरवा, विरोधात लाल, तटस्थ असेल तर पिवळा. रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं या ठरावावर त्या दिवशी १४१ हिरवे, ५ लाल आणि ३५ पिवळे उमटले. १२ नावांपुढे काहीच उमटलं नाही.

आता नकाशा बघा. मंगोलिया पिवळा. त्याला शेजारी दोनच, रशिया आणि चीन, आणि इंधन जवळजवळ सगळं रशियातून येतं. सर्बिया हिरवा, खरं तर युरोपात मॉस्कोशी इतकी जवळीक फार कमी देशांची आहे. पण सर्बियाला कोसोव्होची, म्हणजे त्याच्यापासून तुटून वेगळ्या झालेल्या प्रांताची, जखम आहे. 'देशाच्या सीमा बळाने बदलता येत नाहीत' हे त्याचं स्वतःचंच गाऱ्हाणं, त्याच्या विरोधात हात वर कसा करणार? त्याच सर्बियाने रशियावर निर्बंध मात्र घातले नाहीत. म्हणजे एका हाताने कोसोव्हो सांभाळला, दुसऱ्या हाताने रशिया.

माझं म्हणणं एवढंच की परक्या युद्धावरचं मत हे बहुतेक वेळा स्वतःच्या सीमेबद्दलचं मत असतं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते फिनलंडने. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत संघाने या देशाचा मोठा लचका तोडला, चार लाखांहून अधिक माणसं घरंदारं सोडून आत सरकली. १९४४ च्या तहात पोर्ककालाचा भाग नाविक तळासाठी द्यावा लागला. हा तळ राजधानी हेलसिंकीपासून तोफेच्या टप्प्यात. हेलसिंकी-तुर्कू रेल्वे त्याच पट्ट्यातून जायची. १९४७ पासून तिथून गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा हद्द आली की डब्यांच्या खिडक्या बाहेरून फळ्या लावून बंद करायचे, आपल्याच देशातल्या प्रवाशांना आपलीच जमीन दिसू नये म्हणून. जानेवारी १९५६ मध्ये तो तळ परत मिळाला. दहाच महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे उठाव चिरडायला हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये घुसले. हंगेरीतून सोव्हिएत फौजा मागे घ्या या आमसभेतल्या ठरावाला फिनलंड तटस्थ राहिला.

त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फळ्या निघून वर्षही झालं नव्हतं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. सरकारने जपून बोलायचं ठरवलं, मग संपादक जपून लिहू लागले, प्रकाशक जपून छापू लागले, सत्तरच्या दशकापर्यंत मॉस्कोला न रुचणारे चित्रपट आणि पुस्तकं कोणी न सांगताच अडायला लागली. सरकारची अडचण होती हे मान्य. ती वाचकाची, शिक्षकाची, कवीची अडचण कधी झाली? देशाला गप्प बसणं भाग असेल तर नागरिकालाही असतं का, हा माझा खरा प्रश्न आहे. त्यासाठी हा धागा.

---

रोखठोक

धागा आवडला, पण तुम्ही फार हळवे होताय. हित सोडून दुसरं काही नसतं. भारताचंच घ्या. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून इजिप्तवर चाल केल्याबद्दल ब्रिटन, फ्रान्स, इस्रायलचा आपण कडक शब्दांत निषेध केला. त्याच आठवड्यात हंगेरीच्या बाबतीत अडखळलो. ९ नोव्हेंबरला हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असा ठराव आला, त्याच्या विरोधात मत देणारा कम्युनिस्ट नसलेला देश आपण एकटे. का? कारण 'संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान' हे शब्द त्या दिवसांत हंगेरीपेक्षा काश्मीरवर जास्त लागू पडत होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये काश्मीरवरचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा सोव्हिएत संघाने आपल्यासाठी नकाराधिकार वापरला. १९७१ च्या डिसेंबरात पुन्हा पुन्हा वापरला. हिशोब सरळ आहे.

नैतिकता ही ज्यांची सीमा शांत आहे त्यांची चैन आहे.

---

पानगळ

@रोखठोक, तुमची उदाहरणं बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. जानेवारी १९८० बघा. अफगाणिस्तानातून परकी फौजा मागे घ्या या ठरावावर १०४ बाजूने, १८ विरोधात, १८ तटस्थ. भारत तटस्थांत. हिशोब तोच होता, शस्त्रं सोव्हिएत, मैत्री करार १९७१ चा. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेने पाकिस्तानला ३.२ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली, सोबत ४० एफ-१६ विमानांचा सौदा. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात बसल्या म्हणूनच पाकिस्तान अमेरिकेच्या लेखी आघाडीवरचा (फ्रंटलाइन) देश झाला आणि त्याचा ताप आपल्याच पश्चिम सीमेला झाला. आपण ठरावाच्या बाजूने मत दिलं असतं तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण 'हित' हा शब्द उच्चारला की हिशोब संपला असं नसतं. कोणाचं, कोणत्या सालचं हित, हे विचारावंच लागतं.

---

तिसरी घंटा

याच मुद्द्याला धरून तुर्कस्तानचं एक उदाहरण देते, कारण त्यात 'राष्ट्रीय सुरक्षा' हा शब्द दोन्ही बाजूंना होता.

१ मार्च २००३. इराकवर उत्तरेकडून चाल करण्यासाठी अमेरिकेला सुमारे ६२,००० सैनिक तुर्कस्तानातून न्यायचे होते. रणगाडे आणि सामान घेऊन जहाजं भूमध्य समुद्रात ताटकळत उभी. अंकाराच्या संसदेत मतदान झालं: २६४ बाजूने, २५० विरोधात, १९ तटस्थ. ऐकताना वाटतं मंजूर. पण त्यांच्या घटनेप्रमाणे हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजर ५३३, म्हणजे हवी होती २६७. तीन मतं कमी पडली आणि ठराव पडला.

बाजूने बोलणारे म्हणत होते की उत्तर इराकमध्ये कुर्दांचं राज्य उभं राहू नये असं वाटत असेल तर आपण तिथे हजर असलंच पाहिजे. विरोधातले म्हणत होते की १९९१ च्या युद्धानंतर आपणच पोळलो, निर्वासित आणि बुडालेला व्यापार आपल्या वाट्याला आला, आता पुन्हा शेजारात आग लावू नका. भीती एकच, तुर्कस्तानातल्याच कुर्द अल्पसंख्याकांचा प्रश्न आणि दक्षिण सीमा. त्या एका भीतीतून 'हो' पण निघालं आणि 'नाही' पण. मग 'सुरक्षेने भूमिका ठरवली' असं म्हणायचं तरी कसं? सुरक्षेने प्रश्न ठरवला. उत्तर त्या ५३३ माणसांनी दिलं, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी.

---

शिडाची दोरी

मी मालवाहू जहाजांवर होतो, त्यामुळे तुर्कस्तानचं नाव निघालं की बॉस्फरस डोळ्यासमोर येतो. दोन्ही बाजूंना शहर इतकं जवळ की डेकवरून गच्चीवरची वाळत टाकलेली कापडं दिसतात, आणि त्याच अरुंद पाण्यातून काळ्या समुद्राची सगळी ये-जा. म्हणून एक भर घालतो.

या सामुद्रधुनींचे नियम १९३६ च्या माँट्रो कराराने ठरलेत. त्यातलं १९ वं कलम सांगतं की युद्ध सुरू असेल आणि तुर्कस्तान त्यात नसेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद, फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांना सूट. म्हणजे सगळं 'युद्ध' या एका शब्दावर अडलेलं. युक्रेनवरच्या हल्ल्याला रशिया 'विशेष लष्करी मोहीम' म्हणत होता. तुर्कस्तानने तीन दिवस शब्द टाळला. २७ फेब्रुवारी २०२२ ला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी याला युद्ध म्हटलं आणि लगोलग कलम लागू झालं. रशियाच्या इतर ताफ्यांतल्या युद्धनौकांना काळ्या समुद्रात यायची वाट बंद.

तोच तुर्कस्तान युक्रेनला ड्रोन विकत होता, रशियावर निर्बंध घालत नव्हता, आणि नेटोतही होता. बाहेरून बघणाऱ्याला हे दुटप्पी वाटतं. ते पाणी बघितलेल्याला वाटत नाही. काळा समुद्र पूर्णपणे कोणा एकाचा होऊ नये, ही त्यांची जुनी काळजी आहे, त्यात हे सगळं बसतं.

---

नवशिका

सगळे प्रतिसाद वाचतोय. एक बाळबोध शंका. तटस्थ राहणं आणि मतदानालाच न जाणं यात व्यवहारात काय फरक पडतो?

---

पानगळ

@नवशिका, बाळबोध अजिबात नाही. मोजणीत दोघांचाही परिणाम सारखाच, कारण आमसभेत बहुमत हजर राहून बाजूने किंवा विरोधात मत देणाऱ्यांतून काढतात. पण तटस्थ देशाचं नाव नोंदलं जातं आणि त्याला मतामागचं कारण उठून सांगता येतं. माझा सल्ला असा की रंगापेक्षा ही स्पष्टीकरणं वाचा, ती संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहेत. गैरहजर राहणाऱ्याला बहुतेकदा तो पिवळा रंगसुद्धा परवडणारा नसतो. मोरोक्को त्या १२ मध्ये होता. अमेरिकेचा मित्र, पण तो ज्यावर हक्क सांगतो त्या पश्चिम सहाराचा प्रश्न सुरक्षा परिषदेसमोर असतो आणि तिथे रशियाचा नकाराधिकार आहे. व्हेनेझुएलाची गोष्ट वेगळी, वर्गणी थकल्यामुळे त्याचा मताधिकारच तेव्हा गोठलेला होता.

---

उंबरठा

@रोखठोक यांचं 'नैतिकता ही चैन' हे वाक्य मला खटकलं, म्हणून लिहिते. लहान देशांचा अनुभव नेमका उलटा आहे.

सिंगापूर १९६५ पासून मोठ्या शेजाऱ्यांच्या मधोमध जगतोय. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवलं तेव्हा सिंगापूरने आमसभेत अमेरिकेविरुद्ध मत दिलं, अमेरिका त्याचा सर्वात मोठा आधार असताना. २०२२ मध्ये रशियावर स्वतःहून निर्बंध घातले. दोन्ही वेळा तर्क एकच: मोठ्याने लहानाच्या घरात घुसणं एकदा चालवून घेतलं तर उद्या आमच्यासाठी बोलायला तोंड उरणार नाही. त्याच्यासाठी नियम हीच तटबंदी आहे.

केनियाचं तसंच. २१ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, आक्रमणाच्या तीन दिवस आधी, सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले. आफ्रिकेच्या सीमा आफ्रिकेने आखलेल्या नाहीत, दूरच्या साम्राज्यांच्या राजधान्यांत त्या आखल्या गेल्या, प्रत्येक सीमेपलीकडे आमचे नातलग आहेत. तरी स्वातंत्र्यानंतर आम्ही त्या मान्य केल्या, कारण वंश आणि इतिहास यांच्या मागे लागून सीमा बदलायला निघालो असतो तर आजही रक्त सांडत राहिलो असतो, असा त्यांचा सूर होता. ते भाषण मी तीनदा ऐकलं. एका शेजाऱ्याच्या भीतीने गप्प बसणं हा एक मार्ग, आणि सगळ्यांसाठी असलेल्या नियमाला घट्ट धरणं हा दुसरा. दोन्ही सुरक्षेचेच मार्ग आहेत.

---

रोखठोक

@उंबरठा, मुद्दा पोचला, 'चैन' हा शब्द मागे घेतो. पण मग कंबोडियाचं काय? डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामने कंबोडियात सैन्य घुसवलं आणि ख्मेर रूजची राजवट संपवली. पंधरा लाखांहून अधिक माणसं मारणारी राजवट. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची ख्मेर रूजकडेच राहिली, आणि ती तशी राहावी म्हणून धडपडणाऱ्यांत तुमचं सिंगापूर पुढे होतं. नियम तोच, 'सीमा ओलांडू नका'. त्या नियमाच्या आड कोण बसलं होतं?

---

उंबरठा

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दोन दिवस विचार करून लिहितेय.

सिंगापूरची भीती खोटी नव्हती. आज कंबोडिया, उद्या थायलंडची सीमा, असं त्या भागातल्या सगळ्यांनाच वाटत होतं. पण व्हिएतनामचं सैन्य निघावं अशी मागणी करणं आणि मारेकऱ्यांना खुर्चीवर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्ची रिकामी ठेवा असं म्हणणारे तेव्हाही होते. ते ऐकलं गेलं नाही, कारण चीनला आणि अमेरिकेला व्हिएतनामला, म्हणजे पर्यायाने सोव्हिएत संघाला, धडा शिकवायचा होता. नियम सांभाळतोय असं म्हणताना नेमका कोणता भाग सांभाळतोय हे बघितलं पाहिजे. कंबोडियाच्या माणसांना तेव्हा त्या सभागृहात कोणीच वाली नव्हता, हे कबूल करते.

---

मूकवाचक

एरवी लिहीत नाही. व्हिएतनामचं नाव आलं म्हणून लिहावंसं वाटलं.

सुरक्षेचा अंदाज सपशेल चुकू शकतो, हा मुद्दा वरती कोणी मांडला नाही. अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली ती एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे ओळीने पडतील या भीतीने. ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले, व्हिएतनामी तर लाखोंनी. १९७५ मध्ये सायगाव पडलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये कम्युनिस्ट चीनने कम्युनिस्ट व्हिएतनामवर हल्ला केला, म्हणजे ज्या अखंड आघाडीची भीती होती ती आतून कधीच दुभंगली होती. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये व्हिएतनामने अमेरिकेला आपल्या राजनैतिक संबंधांत सर्वात वरचा दर्जा दिला. राजवट तीच, पक्ष तोच.

२००३ च्या इराकबद्दल वेगळं काय लिहू? महासंहारक अस्त्रं आहेत म्हणून युद्ध, आणि अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत.

म्हणून 'राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, प्रश्न विचारू नका' हे वाक्य मला सर्वात धोक्याचं वाटतं. नेमक्या त्याच वेळी विचारायला हवं. ज्यांनी तेव्हा विचारलं त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं, आणि अंदाज त्यांचाच बरोबर निघाला.

---

काठावरचा (धागालेखक)

मूकवाचक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या मूळ प्रश्नाच्या सर्वात जवळ तुम्ही आलात.

सरकारला शब्द तोलून वापरावे लागतात याचं एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. एप्रिल २००३, लोकसभा. इराकवरच्या युद्धाविरुद्ध ठराव करायचा यावर सगळे राजी, घोडं अडलं एका शब्दावर. सरकारला इंग्रजीतला सौम्य 'डिप्लोअर' हवा होता, विरोधकांना कडक 'कंडेम'. शेवटी ठराव हिंदीत झाला आणि शब्द ठरला 'निंदा'. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो त्याने घ्यावा. हे वाचून मला आधी राग आला होता. आता वाटतं, लाखो भारतीय आखातात राबत असताना आणि अमेरिकेशी संबंध नुकते सावरत असताना सरकारला तेवढी फट ठेवावीच लागली असेल. आणि त्याच सरकारने जुलैमध्ये, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून, इराकमध्ये फौज पाठवायला नकारही दिला. तोललेल्या शब्दामागे ठाम निर्णय असू शकतो, हे मला इथे दिसलं.

पण तो शब्द संसदेचा होता. माझ्या शब्दाला ती फट ठेवायची गरज नाही. मला शेजारी नाही, तेलवाहिनी नाही, नकाराधिकार मागायला कुठे जायचं नाही. युक्रेनमधल्या बुचामध्ये रशियन फौजांच्या ताब्यात सामान्य माणसांचं जे झालं त्याला मी तेच म्हणू शकतो जे ते होतं, गाझातल्या पोरांबद्दल आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्यांबद्दल एकाच दमात बोलू शकतो, आणि माझ्या देशाचं मत पिवळं पडलं म्हणून माझं पिवळं पडायला हवं असं नाही. फिनलंडच्या लोकांची चूक झाली असेल तर ती इथे, असं मला वाटतं. त्यांच्या राजदूताच्या मतात नाही.

---

तिसरी घंटा

@काठावरचा, पटलं, पण एक अडचण. नागरिक मोकळा बोलू लागला की सरकारला फट ठेवणं कठीण होतं. तुर्कस्तानात २००३ मध्ये तेच झालं, लोक बोलले आणि तीन मतं कमी पडली. मला ते चांगलंच वाटतं. पण तुमची 'सरकार वेगळं, नागरिक वेगळा' ही वाटणी इतकी स्वच्छ राहत नाही.

---

काठावरचा (धागालेखक)

बरोबर आहे, इतकी स्वच्छ राहत नाही. कदाचित राहूही नये. फिनलंडमध्येही शेवटी लोकांचंच मत आधी फिरलं. २०२२ च्या आक्रमणानंतर काही आठवड्यांतच नेटोत जावं असं म्हणणारे बहुसंख्य झाले आणि सरकार त्यांच्या मागून गेलं. ४ एप्रिल २०२३ ला प्रवेश झाला. रशियाशी १३०० किलोमीटरहून लांब सीमा तीच, शेजारी तोच, त्याच भूगोलातून सत्तर वर्षं निघालेलं उत्तर मात्र बदललं.

---

नवशिका

शेवटची विनंती. कझाकस्तानबद्दल कोणी लिहील का? रशियाला लागून, तरी त्यांची भूमिका मला नीट कळत नाही.

---

पानगळ

लिहितो. जानेवारी २०२२ मध्ये तिथे दंगली उसळल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी रशियाच्या नेतृत्वाखालच्या फौजा बोलावल्या, त्या आल्या आणि काही दिवसांत परतही गेल्या. म्हणजे उपकार ताजा. रशियाशी सीमा साडेसात हजार किलोमीटरची, उत्तरेच्या पट्ट्यात रशियन भाषकांची मोठी वस्ती. २ मार्चला मत पिवळं.

मग १७ जून २०२२, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या आर्थिक परिषदेचं व्यासपीठ. तोकायेव आणि पुतिन एकाच मंचावर बसलेले. सूत्रसंचालिकेने युक्रेनचा विषय काढला. तोकायेव शांतपणे म्हणाले की स्वयंनिर्णयाचा हक्क सगळीकडे लागू केला तर जगात १९३ ऐवजी पाच-सहाशे देश होतील आणि अंदाधुंदी माजेल. म्हणून आम्ही तैवान, कोसोव्हो, दक्षिण ओसेशिया, अबखाझिया यांना मान्यता देत नाही, आणि तेच तत्त्व पूर्व युक्रेनमधल्या लुहान्स्क आणि दोनेत्स्कलाही लागू. हे पुतिन यांच्या समोर.

कझाकस्तानचं बहुतांश निर्यातीचं तेल वाहिनीने रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरात जातं आणि तिथून बाहेर. ५ जुलैला एका रशियन न्यायालयाने पर्यावरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटी दाखवून ती वाहिनी ३० दिवस बंद ठेवायचा आदेश दिला. आठवडाभरात वरच्या न्यायालयाने तो रद्द करून २ लाख रूबल दंडावर भागवलं. तोकायेव यांचं ते वाक्य आणि हा आदेश यांचा संबंध होता असं कोणीही अधिकृतपणे म्हटलेलं नाही. कझाकस्तानने त्यानंतर कॅस्पियन समुद्रापलीकडून बाकूमार्गे थोडं तेल न्यायला सुरुवात केली. दोनेत्स्क-लुहान्स्कबद्दलचं ते वाक्य त्यांनी मागे घेतलेलं नाही.